‘ड्रॉप इन’चं वाक्य

‘बंडप्पाकाकांचा तीनदा फोन आलाय सर, येळवसीला या म्हणून. अम्मी तर कालच जाऊन बसलीय जळकोटला,’ असं गफार पायात चपला सरकवता सरकवता सहज बोलून गेला, आणि राजशेखर सरांच्या हातातलं पेन कागदावर होतं तिथंच टेकून राहिलं. शाईचा एक ठिपका हळूहळू मोठा होत गेला. गफारच्या ते ध्यानातही आलं नाही. त्याचं डीटीपीचं दुकान. सरांच्या पुस्तकाची पानं तो जुळवून देत होता. त्याच्या आईचं, अजीजाबीचं, माहेर जळकोटचं, बंडप्पाच्या घरामागच्या गल्लीतलं, तेव्हा बंडप्पानं त्याला आवतण द्यावं हे रीतीला धरूनच होतं. फक्त हा बंडप्पा राजशेखर सरांचा सख्खा थोरला भाऊ होता, आणि सरांना आवतण नव्हतं. ‘तुम्ही कधी निघताय?’ गफारनं विचारलं. ‘बघू. हे पान पुरं करायचंय.’ ‘येळवसीला पान?’ गफार हसला. ‘पेट्रोल टाकून, घरी जरा आवरून तासाभरात येतो मी. डी अक्षराचं पान तयार ठेवा, जाताना दुकानात टाकतो. एकच वाक्य तर राहिलंय.’

धाराशिव शहर बघावं ते येळवसीला. मार्गशीर्षातल्या या अवसेला सगळा मुलूख रानात जेवायला जातो. ज्याला रान आहे तो कडब्याची कोप उभी करतो, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतो. ज्याला रान नाही त्याला आठ दिवस आधीच कुणाचं ना कुणाचं आवतण येतं. एकेकाला चार-चार येतात आणि मग दुपारभर या बांधावरून त्या बांधावर आंबील पीत हिंडायचं. शहरात दुकानांना कुलपं, रिक्षांचा पत्ता नाही, कोपऱ्यावरचा चहाचा गाडासुद्धा ताडपत्री पांघरून झोपलेला. मागं उरतात ती कुत्री, आणि या वर्षी कुत्र्यांच्या सोबतीला राजशेखर सर. एरवी बायको त्यांना लोहाऱ्याला तिच्या भावाच्या रानात न्यायची. तिथं त्यांना घोंगडीवर मधोमध बसवत, ‘घ्या की दाजी’ करत आग्रहानं वाढत, आणि ते चांगलं जेवून, पाहुण्यासारखे मांडी अवघडून घरी येत. यंदा महानंदा पुण्याला हर्षालीकडे, लेकीकडे, गेली होती. सकाळीच तिचा फोन येऊन गेला होता. लोहाऱ्याला जा की एकटे, ती म्हणाली. सासुरवाडीला एकटं कुठं जायचं, हे म्हणाले. मग जळकोटला जा. आण्णानं, थोरल्या भावानं, बोलावलंय कुठं, हे म्हणाले. ‘आण्णांना फोन तरी करा.’ ‘त्यांनी करायला नको?’ ‘नऊ वर्षं हेच ऐकतेय मी,’ महानंदा म्हणाली. ‘तुम्हां दोघा भावांपेक्षा ते पांडवांचे दगड बरे, वर्षातनं एकदा शेजारी तरी बसतात.’ बाईचा वार असा असतो. सरांनी रेंज गेल्याचं निमित्त करून फोन ठेवला होता.

भांडण झालं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. भांडणाला कारण असतं, कारणाला कधीतरी समजूत असते. इथं कुणी कुणाला काही बोललंच नव्हतं. लग्नाकार्यात भाऊ भेटत, ‘बरं हाय?’ ‘बरं आहे,’ एवढं होई, पाऊस किती झाला याची चौकशी होई, आणि दोघं आपापल्या पंगतीत जाऊन बसत. आप्पा, म्हणजे वडील, होते तोवर त्यांचा दर येळवसीला फोन यायचा. आप्पा गेले त्या वर्षी फोन आला नाही. सरांनी त्या वर्षी आदल्या दिवशी तुळजापूरला जाऊन पानं आणून ठेवली होती, विड्याची पन्नास, ओल्या फडक्यात गुंडाळून. पँट-शर्ट इस्त्री करून दाराला लटकवला होता. सकाळी आठ वाजले, नऊ वाजले, दहाला समोरचं कुटुंब डबे घेऊन निघून गेलं, आणि मग ते स्वतःशीच म्हणाले, ठीक आहे, आण्णाला नकोसे झालो असू. पानं फ्रिजमध्ये पंधरा दिवस राहिली. काळी पडल्यावर महानंदानं एका शब्दानं न विचारता ती तुळशीच्या कुंडीत घातली. ते फडकं मात्र कुठं गेलं कुणास ठाऊक, असं आता नऊ वर्षांनी उगाचच त्यांच्या मनात आलं.

समोर कागदावर ‘ड्रॉप इन’ होतं. एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर सरांनी हे पुस्तक काढलं होतं: स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांसाठी तीनशे फ्रेजल व्हर्ब, प्रत्येकाचा मराठी अर्थ आणि वापराची दोन-दोन वाक्यं. बाजारात अशी पुस्तकं पैशाला पासरी, पण त्यांतली वाक्यं कुणा जॉनची आणि मेरीची, आणि जॉनचं विमान चुकलं काय नि मेरीचा कुत्रा हरवला काय, आमच्या पोराला त्याचं सोयरसुतक नाही. सरांचा नियम होता की वाक्य आपल्या मुलखातलं पाहिजे, आणि वर खरं पाहिजे. ‘रन आउट ऑफ’ला त्यांनी सोनारीच्या यात्रेत एका दुकानातले नारळ संपल्याचं वाक्य घातलं, तर छापण्याआधी सोनारीला ओळखीच्या माणसाला फोन करून नारळ खरंच संपले होते ना, हे विचारून घेतलं. तो माणूस अजून गोंधळलेला आहे. सर वर्गात सांगत, बाळांनो, हे क्रियापद सुटं सुटं करून बघू नका. ड्रॉप म्हणजे पडणे, इन म्हणजे आत, असा हिशेब केलात तर फसाल. तरी एका वर्षी एकानं लिहिलंच होतं, ‘माझा मामा काल विहिरीत ड्रॉप इन झाला.’ अर्थ शब्दांत नसतो, लोक तो शब्द कधी नि कुणाशी वापरतात त्यात असतो, हे सर फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारत. आणि आता त्या क्रियापदाचा अर्थ त्यांनी स्वच्छ लिहून ठेवला होता: ‘आगाऊ न कळवता, सहज, थोड्या वेळासाठी कुणाकडे जाणे.’ पहिलं वाक्यही झालं होतं. दुसऱ्यासाठी पेन टेकवलं तर हातानं आपणहून लिहिलं, ‘आय ड्रॉप्ड इन ऑन माय ब्रदर.’ मी सहज भावाकडे गेलो. सरांनी ते वाचलं. व्याकरणात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती, आणि वाक्य साफ खोटं होतं. त्यांनी ते खोडलं, आणि खोडताना त्यांना इतकं वाईट वाटलं की ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

गॅलरीत ऊन कोवळं होतं. रिकाम्या रस्त्यानं वारा येत होता, आणि शहराच्या कडेला कुठंतरी भज्जीला फोडणी पडली असावी असा वास त्याच्यावर होता, किंवा तो नुसताच आठवणीतला असेल. नाकाला तेवढं कळत नाही. हरभऱ्याचा पाला, वालाच्या शेंगा, तुरीचे ओले दाणे, असेल-नसेल ते सगळं बेसनात शिजवलेली वहिनीच्या हातची भज्जी. रात्रभर मुरलेलं ताकातलं आंबील, ज्याचा पहिला घोट थेट नाकात चढतो. कोपीतला कडब्याचा गोडसर वास. आणि आप्पा, धोतर खोचून, डोक्यावर आंबिलाची बिंदगी घेऊन ज्वारीच्या कडेकडेनं पळणारे, मागं आण्णा, त्याच्या मागं हा. बिंदगी म्हणजे तोंड बांधलेलं लहानसं मडकं. लिंबाच्या डहाळीनं आंबील पिकावर शिंपडत पळायचं आणि ओरडायचं, ‘ओलगे ओलगे सालम पोलगे!’ नऊ-दहा वर्षांचा राजशेखर धापा टाकत विचारायचा, आप्पा, ह्याचा अर्थ काय? आप्पा मागं न बघता सांगायचे, ‘अर्थ कशाला पायजे? मोट्यानं वरड. पिकाला कळतंय.’ पुढं इंग्रजीत एम.ए. झाल्यावर त्यांनी कानडी जाणणाऱ्या दोघा-तिघांना विचारलं, प्रत्येकानं वेगळं सांगितलं, आणि तरी येळवस आली की तोंडात ते शब्द असे भरायचे की अर्थाला शिरायला जागाच नसायची. सर गॅलरीत एकटेच हसले. खालच्या कुत्र्यानं वर बघितलं.

आणि मग आप्पांचा फोन आठवला. नेहमी आठवायचा तसा मोघम नव्हे, शब्दासकट. आप्पा आण्णाचा मोबाइल तोंडापासून हातभर लांब धरून बोलायचे. हॅलो नाही, कसा आहेस नाही. ‘पानं आण. पन्नास. तुळजापुरातनं. देठं मोडकी नगंत, मागल्या खेपेला मोडकी हुती.’ आणि फोन बंद. सरांनी गॅलरीचा कठडा धरला. एवढंच. दर वर्षी एवढंच. ‘ये’ असं आप्पा कधी म्हणाले होते? एकदाही नाही. इतकी वर्षं ज्याला आपण आवतण समजून बसलो, ज्याच्या नावानं नऊ वर्षं झुरलो, ते आवतण कधी आलंच नव्हतं. आला होता तो निरोप, बाजारहाटाचा. येणार हे तर धरूनच चाललेलं. आता, आप्पा आप्पा होते आणि आण्णा आण्णा आहे, हे त्यांनी लगेच स्वतःला बजावलं. मास्तर माणूस, एका उदाहरणावरून नियम करत नाही. पण तेवढ्यात दुसरं उदाहरण पुढं आलं. दोन वर्षांपूर्वी नळदुर्गला एका लग्नात हात धुताना आण्णा शेजारी उभा होता. रुमालानं हात पुसत, दुसरीकडेच बघत त्यानं विचारलं होतं, ‘तुळजापुरात पानं मिळतेत का रं आजून?’ आणि इंग्रजीचे हे विद्वान ‘मिळतात की’ असं उत्तर देऊन पंगतीत जाऊन बसले होते.

खाली गफारची मोटरसायकल वाजली. सर जिना उतरले ते पायात चपला घालून, खांद्याला पिशवी अडकवून, आणि दाराला कुलूप लावून. कुलूप लावलंय हे त्यांना खाली आल्यावर कळलं. ‘झालं पान?’ गफारनं विचारलं. ‘नाही. वाक्य मिळालं नाही.’ ‘मग?’ ‘मग काय, चल. मागं बसतो.’ गफारनं सीटवरचं फडकं झटकलं आणि म्हणाला, ‘घट्ट धरा सर, रस्ता लई मोकळाय आज.’

तुळजापुरात मात्र देवीच्या गावाला सुट्टी कसली, दुकानं उघडी होती. सर ‘एक मिनिट’ म्हणून उतरले. पानवाल्यापुढं उभं राहिल्यावर त्यांची जीभ जरा अडखळली. मग ते म्हणाले, ‘पन्नास. देठं मोडकी नकोत,’ आणि आपल्या तोंडून आप्पांचा आवाज निघाल्यासारखा वाटून त्यांनी चटकन इकडंतिकडं पाहिलं. पानवाल्यानं ओल्या कागदात गुंडाळून पुडकं दिलं. ते त्यांनी पिशवीत तळाशी ठेवलं आणि गफारला सांगितलं, उदबत्ती घेतली. का खोटं बोललो, असं पुढं मैलभर त्यांना वाटत राहिलं. आण्णानं नुसतं ‘या’ म्हटलं तर? ‘या, बसा’ म्हणून घोंगडीवर जागा करून दिली, लोहाऱ्यात देतात तशी, तर? शिव्या दिल्या तरी चालतील, पाठ फिरवली तरी एक वेळ चालेल, पण आण्णानं ‘या, बसा’ म्हणू नये. एकोणसाठ वर्षांचा माणूस मोटरसायकलवर मागं बसून, पिशवी पोटाशी धरून, देवाकडं एवढंच मागत होता. दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती, करडई पिवळी होत होती, बांधाबांधावर माणसं दिसत होती, लुगड्यांचे रंग, पोरांचा गलका, प्रत्येक रानात एक कोप. अंगावर वारा येत होता आणि भीतीच्या खालून, दाबून धरलं तरी, हसू येत होतं.

रानात पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बंडप्पानं लांबूनच गाडी पाहिली आणि दोन्ही हात पसरून पुढं आला. गुडघ्यानं लंगडत होता. केस पार पांढरे, पण आवाज तोच, चार रानं ओलांडणारा. ‘या गफारभाई, या या! लई येळ केलासा. बसा. आगं, पाणी आण पाव्हण्यानला!’ त्यानं गफारचा हात धरून त्याला घोंगडीवर बसवलं, पाठीला टेकायला पोतं दिलं. अजीजाबी कोपीच्या सावलीत आधीच पाय पसरून बसली होती; तिनं लेकाकडं न बघता सरांकडं पाहिलं आणि पदराआड हसली. सर बांधावरच उभे होते. आपल्या रानात पाऊल टाकायला आपण परवानगीची वाट बघतोय, हे त्यांना कळत होतं आणि पाय उचलत नव्हता. बंडप्पा वळला. भावाकडं त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं, चपलांपर्यंत, मग पिशवीकडं. या म्हणाला नाही. बस म्हणाला नाही.

‘पानं?’ बंडप्पा म्हणाला.

सरांनी पिशवीत हात घातला. पुडकं घाईघाईनं ओढून काढताना वरचा कागद फाटला. बंडप्पानं ते घेतलं, एक पान उलटं करून देठ बघितलं, आणि जरा गुरकावून म्हणाला, ‘हुबा काय ऱ्हायलास? चपला काड. पूजा थांबलीया तुज्यापायी.’ आणि जे बोलू नये तेच राजशेखर सरांच्या तोंडातून निघालं. ‘आण्णा, एक फोन केला असतास तर—’ ‘कुनाला? तुला?’ बंडप्पाचा चेहरा खरोखरच चकित झाला होता. ‘आवतण पाव्हण्याला आस्तंय. घरच्याला कसलं आवतण? उद्या म्हनशील, जेवाय बस म्हनून बी सांगा.’ आणि मग आवाज खाली आणून, दगडांकडं बघत, ‘आप्पा गेल्यावर तू आपून यशील म्हनून म्या बसलो. तू कुनाच्या फोनची वाट बगत बसलास, काय ठाव.’

पूजा झाली. पाच दगडांपुढं पाच पानं मांडली गेली. मग बंडप्पानं बिंदगी उचलून सरळ धाकट्या भावाच्या डोक्यावर ठेवली. ‘माजा गुडगा चालत न्हाय. पळ.’ आणि राजशेखर सर, एम.ए. इंग्रजी, निवृत्त, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी, ढेकळांतून पळाले. पहिल्यांदा आवाज फुटला तो घोगरा, शाळेतल्यासारखा बेतलेला. दुसऱ्या कोपऱ्यावर तो मोकळा झाला. ‘ओलगे ओलगे सालम पोलगे!’ आंबील कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं, चष्मा धूसर झाला होता, ज्वारीची पानं दंडाला कापत होती, आणि मागून बंडप्पा लंगडत, ओरडत येत होताच, गुडघा चालत नाही म्हणणारा बंडप्पा. ‘मोट्यानं! ऐकू येईना झालंय!’ सर ओरडले. सगळं रान ओरडलं. अर्थ कशाला पाहिजे?

चौथी फेरी संपवून ते कोपीपाशी धपकन बसले तर गफार पोट धरून हसत होता. ‘सर, तेवढं ते ड्रॉप इनचं वाक्य सांगून टाका. फोनवरच टाइप करतो.’ ‘माझं नाही चालायचं,’ सर धापा टाकत म्हणाले. ‘आपल्याच रानात कुणी ड्रॉप इन करत नसतं.’ ‘मग माझं लावा.’ ‘तुला तीनदा फोन होता.’ एवढ्यात शेजारच्या रानातला बिराप्पा हातात तांब्या घेऊन बांध ओलांडून आला आणि, कुणी काही विचारायच्या आत, म्हणाला, ‘सहज आलतो. म्हनलं, तुमचं आंबील आमच्यापरीस आंबट हाय का बगावं.’ सर आणि गफार एकमेकांकडं बघून असे हसले की बिराप्पानं आधी तांब्यात, मग आपल्या धोतराकडं पाहिलं. ‘बिराप्पा ड्रॉप्ड इन ऑन बंडप्पा,’ सर म्हणाले. ‘घे. खरं आहे, जसंच्या तसं.’ बंडप्पानं विचारलं, काय म्हनाला त्यो? गफार म्हणाला, बिराप्पाचं नाव पुस्तकात येतंय. ‘येऊ दे की,’ बंडप्पा म्हणाला, ‘फुकटचं प्यालाय आजवर.’

वहिनी, द्वारकाबाई, भज्जी वाढायला आली. सरांना तिनं आग्रह केला नाही, विचारलं नाही, पळीभर वाढून पुढं सरकली. मग परत आली आणि समोर उकिडवी बसली. ‘भावजी, एक सांगू? नऊ वर्सं झाली, पांडवाफुडं पान न्हाई. म्या दर साल म्हनायची, जळकोटच्या बाजारात मिळत्यात, आणा की. गावात लोक नावं ठिवत्यात, बिनपानाची पूजा म्हनून. तर हे ऐकायचेच न्हाईत.’ ‘का?’ सरांनी विचारलं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. बंडप्पा भाकरी मोडत होता, जसं काही हे दुसऱ्याच कुणाचं चाललंय. ‘म्हनायचे, पानं शेखरकडं हायत.’

सरांनी आंबिलाचा वाडगा उचलून तोंडाला लावला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पहिला घोट थेट नाकात चढला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते आंबिलाचंच आहे असं समजायला सगळ्यांना मुभा होती. ते हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदम, आणि आपल्याला एवढं बरं कधी वाटलं होतं ते त्यांना आठवत नव्हतं. बंडप्पानं उरलेल्या पानांतलं एक घेऊन त्याला चुना लावला, सुपारी घातली, घडी घालून ते भावाच्या ताटाच्या कडेला ठेवलं. मग पुडक्यातली पानं बोटानं चाळली, गफारकडं पाहिलं, अजीजाबीकडं, तांब्या घेऊन बसलेल्या बिराप्पाकडं, आणि नापसंतीनं मान हलवली.

‘पन्नास पुरत न्हाईत,’ तो म्हणाला. ‘फुडल्या येळवसीला शंभर आण.’